पुढच्यासाठी राखलेली हवा

मी एक जुनी ॲल्युमिनियमची टाकी आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसता येत नाही. तुम्ही म्हणाल, टाकीला एका जागी उभे राहण्याशिवाय दुसरे काम तरी काय? पण तीन वर्षे मी कुठल्याच गावी दोन-तीन महिन्यांहून जास्त राहिले नाही. ट्रक, जहाज, विमानाचे पोट, पुन्हा ट्रक. आता मला भिंतीला साखळीने बांधून ठेवले आहे, तरी बाहेर गाडीचा आवाज आला की वाटते, आली, आपल्यालाच न्यायला आली.

माझी उंची दहा-बारा वर्षांच्या मुलाएवढी. डोक्यावर पितळी झडप आणि झडपेवर लोखंडी टोपी. सुरुवातीला माझ्या आतल्या हवेचा दाब मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या साठपट होता. झडप तुटली तर ही बाई भिंत फोडून जाईल, असे हमाल एकमेकांना सांगत आणि मग मला फार आदराने उचलत.

कारखान्यात मला घडवले, पण रिकामी टाकी म्हणजे नुसते भांडे. माझे खरे आयुष्य एका मंगळवारी सुरू झाले. त्या दिवशी वारा थेट समुद्रावरून येत होता. वाटेत ना शहर, ना धुराडे. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर पंप लावून ती हवा कोरडी केली आणि माझ्यात भरली. या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांनी माझी हवा आठ वेळा मोजली, आलेला आकडा कागदावर लिहिला, कागद पाकिटात घातला आणि पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावले. तो आकडा त्यांनी कोणालाही सांगितला नाही. मलासुद्धा नाही. पोटात काय आहे ते स्वतःलाच ठाऊक नसणे किती अस्वस्थ करणारे असते, हे तुम्हाला परीक्षेचा निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी कळत असेल.

आता हा आकडा कसला, ते सांगते. हवेत कार्बन डायऑक्साइड हा वायू असतो. तो वाढला की पृथ्वी तापते, हे तुम्ही वाचले असेल. पण तो नेमका किती वाढला? त्यासाठी बारा देशांतल्या बारा प्रयोगशाळा रोज आपापल्या इथली हवा मोजतात आणि ज्यांची मापे तपासून बरोबर ठरली त्यांचे आकडे एका सामाईक तक्त्यात जातात. कुठले जंगल किती वायू शोषते, कुठल्या देशाने धूर कमी करण्याचा शब्द पाळला, हे त्या तक्त्यावरून ठरते.

अडचण एकच. समजा, वर्गातल्या बारा मुलांनी आपापल्या पट्टीने एकच बाक मोजला आणि त्यातल्या दोघांच्या पट्ट्या टोकाला झिजलेल्या निघाल्या, तर? म्हणून आधी पट्ट्या जुळवून पाहाव्या लागतात. मित्रांनो, मी तो बाक आहे. मला देशोदेशी पाठवायचे, प्रत्येकीने मला तीनदा मोजायचे आणि आपला आकडा थोरल्या बाईंना कळवायचा. दुसरीचा आकडा कोणी विचारायचा नाही. बारावी प्रयोगशाळा संपली की मी घरी यायचे आणि पाकीट उघडायचे. जिचा आकडा पाकिटातल्या आकड्यापासून ०.१ च्या आत, तिच्या नोंदी तक्त्यात. जिचा बाहेर, तिच्या सगळ्या नोंदी बाजूला.

मी निघाले तेव्हा माझ्यावर लाल अक्षरांत एक सूचना चिकटवली होती. दाबाचा काटा विसाच्या खाली गेला की मला मोजायचे नाही. टाकी रिकामी होत आली की तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेला वायू सुटू लागतो आणि आकडा बदलतो. म्हणजे माझी हवा मोजून-मापून बारा जणींत वाटायची होती.

पहिल्या दहा मुक्कामांत माझे कौतुकच झाले. एका ठिकाणी माझ्याबरोबर फोटो काढले. एका ठिकाणी माझ्या पोटावर त्यांच्या संस्थेचे चिकटचित्र लावले, ते अजून आहे. एका बंदरावर मात्र जकात अधिकाऱ्याने कागद उलटसुलट करून विचारले, "आत काय?"

"हवा," ट्रकवाला म्हणाला.

"हवा? मग आमच्याकडे काय पोकळी आहे का?"

त्या विनोदापायी मी अकरा दिवस पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते.

अशी मी अकराव्या प्रयोगशाळेत पोचले. समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर दोन खोल्या, बाहेर उंच खांब, खांबाच्या टोकाला हवा ओढून घेणारी नळी. खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने गंजलेले. आत मोजणीचे यंत्र सतत घरघरत होते. त्याच्या बटणावर पुठ्ठा चिकटवून लिहिले होते, "बंद करू नये. पंखा बंद करायचा असेल तर शेजारचे बटण."

तिथे मोजणीबाई होत्या. त्यांचे खरे नाव मी कधी ऐकलेच नाही. साहेबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे मोजणीबाईच म्हणत. एकोणीस वर्षे त्यांनी त्या टोकावरची हवा मोजली होती. सुट्टीच्या दिवशीही त्या येऊन यंत्राकडे नजर टाकून जात. त्यांच्या नोंदी तक्त्यात अजून गेल्या नव्हत्या. आजवर त्यांची पट्टी कोणी तपासलीच नव्हती.

त्यामागेही एक गोष्ट होती. दहा वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, म्हणजे माझ्यासारखीच एक टाकी, याच खोलीत आली होती. पण आधीच्यांनी तिला मन मानेल तशी वापरली होती. इथे पोचली तेव्हा काटा अठरावर होता. मोजणीबाईंना हातही लावता आला नाही. त्या वर्षीच्या अहवालात इतर सगळ्यांच्या नावापुढे आकडे होते आणि त्यांच्या नावापुढे एक आडवी रेघ. अहवालाचे ते पान त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. कपाट उघडले की रेघ दिसे.

मला उतरवल्यावर त्यांनी पहिल्यांदा काटा पाहिला. सेहेचाळीस.

"मिळाली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. मग सोबतच्या मिस्त्रींकडे वळल्या. हे मिस्त्री तिथले पंप, नळ्या आणि खांब सांभाळत. "पण जपून हं. आपल्यानंतर अजून एक जण आहे. पुढच्याला पुरली पाहिजे. मी कुणाच्या नावापुढे रेघ ओढायला लावणार नाही."

मला फार बरे वाटले. दहा ठिकाणी मला मोजले होते, पण इतके जपून कोणी बोलले नव्हते. मला काय माहीत, की माझ्या साऱ्या प्रवासातली सगळ्यात मोठी चूक इथेच, याच मायेने सुरू होणार होती!

टाकीतली हवा यंत्रात सोडायची तर झडपेवर रेग्युलेटर बसवावा लागतो. तो एक पितळी गोळा असतो, दाब कमी करणारा. तो कपाटात पडून असतो, त्यामुळे त्याच्या आत खोलीतली शिळी हवा बसलेली असते. म्हणून आधी तो धुवायचा. पाण्याने नव्हे, माझ्याच हवेने. भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. सूचनेत लिहिले होते, पाच वेळा.

मोजणीबाईंनी एकदाच धुतला. पाच वेळा धुवायचे म्हणजे तेवढी हवा फुकट खोलीत सोडायची, ते त्यांच्याने होईना.

पहिला आकडा आला, ४१२.६१, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तो वायू इतके भाग. दुसऱ्या दिवशी ४१२.४९. तिसऱ्या दिवशी ४१२.४०.

मोजणीबाई खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. एकच हवा, एकच यंत्र, आणि आकडा रोज घसरतोय. त्यांच्या खोलीत स्वतःच्याही चार टाक्या होत्या, पण त्यांच्यावरचे रेग्युलेटर वर्षानुवर्षे काढलेलेच नव्हते, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता. घसरण्याचे कारण रेग्युलेटरमध्ये असेल, हे त्यांच्या मनातच आले नाही. त्यांना भलतेच वाटले. त्यांना वाटले, यंत्रच घसरत चालले आहे. आणि यंत्र घसरत असेल, तर कधीपासून? कालपासून? की एकोणीस वर्षांपासून?

मिस्त्रींनी सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहिले. कुठेच बुडबुडा आला नाही.

"गळत नाही," ते म्हणाले. "गळत असती तर बरं झालं असतं. पाना फिरवला की संपलं. आता काय, यंत्राला ताप आलाय का बघू?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला."

"अहो, मग रडू का? मी रडलो तर तुम्ही माझंही मोजमाप घ्याल."

साहेब दुपारी आले. ते वाईट नव्हते, फक्त त्यांना सगळे लवकर आटपायचे असे. तिन्ही आकडे पाहून ते म्हणाले, "सरासरी काढा आणि पाठवा. किंवा असं करा, आधीच्या प्रयोगशाळेला सहज फोन लावा. तुमच्या ओळखीचे आहेत ना? त्यांचा आकडा किती आला, एवढं विचारायचं. त्यात काय मोठंसं?"

"मग मोजायचं कशाला, साहेब? त्यांचाच आकडा उतरवून घेते की."

"मोजणीबाई, आकडा बाहेर गेला तर एकोणीस वर्षं बाहेर जातील. आणि ही खोली कशासाठी चालू ठेवायची, असं वरून विचारतील. मग मी काय सांगू?"

साहेब गेल्यावर मोजणीबाईंनी कपाट उघडले, त्या रेघेकडे पाहिले आणि कपाट बंद केले.

मला तेव्हा ओरडून सांगावेसे वाटले. रेग्युलेटरच्या तोंडाशी माझी हवा शिळ्या हवेत मिसळते, हे मला रोज जाणवत होते. पण टाकीचे कोण ऐकणार? मी नुसती आतल्या आत घुसमटले.

संध्याकाळी मोजणीबाईंनी फोन लावला. पण मागच्याला नव्हे, पुढच्याला. बाराव्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ होते. एकोणीस वर्षे दोघांचे पत्रांतून आणि फोनवर बोलणे होत होते, भेट मात्र एकदाही नाही. त्या त्यांना भाऊ म्हणत.

"भाऊ, तुमची माफी मागायला फोन केला. मला टाकीतली आणखी थोडी हवा लागेल असं दिसतंय. तुमच्या वाट्यातली."

"घ्या की. पण झालं काय?"

"मोजलं की आकडा खाली येतो. रोज."

"थांबा, आकडा सांगू नका!"

"सांगत नाहीये हो. मी कागदसुद्धा पालथा ठेवलाय."

भाऊ हसले. मग त्यांनी विचारले, "रेग्युलेटर किती वेळा धुतलात?"

"एकदा."



"एकदा का, ताई?"

"तुम्हाला पुरावी म्हणून. दहा वर्षांपूर्वी माझं जे झालं, ते तुमचं व्हायला नको."

"अहो ताई," भाऊ म्हणाले, "माझ्यासाठी राखून ठेवून तुम्ही चुकीचं मोजणार आणि मी भरपूर घेऊन बरोबर मोजणार. मग आपण जुळायचे कसे? मला उरलेली हवा नकोय. मला तुमचा आकडा हवाय."

मोजणीबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढी साधी गोष्ट! आणि मी एकोणीस वर्षांच्या नोंदींवर संशय घेत बसले."

"पण आता हिशेब करा. पाच वेळा धुऊन तीनदा मोजलंत तर काटा कुठे येईल?"

"आत्ता चाळीस आहे. एकतीसवर येईल. टाकी परत गेल्यावर थोरल्या बाईंनाही एकदा तपासायला लागेल. म्हणजे तुम्हाला एकदाच मोजता येईल, भाऊ. तीनदा नाही."

"मग एकदाच मोजीन. पण धुऊन. आणि कागदावर तसं लिहीन."

"नियम तीनचा आहे. तुमच्या नोंदींवर शंका घेतील."

"घेऊ देत. शंकेला उत्तर देता येतं. आडव्या रेघेला काय उत्तर देणार?"

दुसऱ्या दिवशी मला पाच वेळा धुण्यासाठी वापरले. प्रत्येक वेळी माझी हवा फुस्स करून खोलीत जाई आणि माझा जीव वरखाली होई. आणखी कितीशी उरली आहे मी? मिस्त्री काटा वाचून मोठ्याने सांगत आणि मोजणीबाई ओठ घट्ट मिटून झडप फिरवत. आकडे आले, ४१२.२१, ४१२.१९, ४१२.२०. घसरण थांबली. यंत्र ठणठणीत होते. एकोणीस वर्षेही.

साहेब खूश झाले. "शाब्बास! आता हे तीन पाठवा. पहिले तीन विसरून जा."

"पहिलेही पाठवणार."

"अहो, कशाला? नियमात लिहिलंय, पहिली तीन मोजमापं धरायची. तुम्ही ती पाठवलीत तर ते तीच धरतील. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आहे का?"

"साहेब, टाकीतली हवा कमी झाली, ती कुठे गेली ते सांगायला नको?"

त्यांनी सहाही आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यात लिहिले, "पहिली तीन मोजमापे चुकीची. रेग्युलेटर एकदाच धुतला. कारण, पुढच्या प्रयोगशाळेसाठी हवा वाचवली." लिहिताना त्यांचा हात एकदा थांबला, पण वाक्य पुरे झाले.

भाऊंकडे मी जेमतेम आठवडा होते. त्यांनी एकदाच मोजले, माझ्या पोटावर दोनदा थोपटले आणि मला घरी पाठवले. त्या प्रवासात मला झोप नव्हती. पाकीट अजून उघडायचे होते.

पाकीट उघडले तेव्हा मी थोरल्या बाईंच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते. समोरच्या पडद्यावर बारा देशांतली माणसे दिसत होती. थोरल्या बाईंनी कागद काढला आणि वाचला, ४१२.१८. ही मी! तीन वर्षांनी मला माझा आकडा कळला.

मोजणीबाईंचे शेवटचे तीन आकडे जवळजवळ त्यावरच होते. पहिले तीन मात्र दूर. पडद्यावरचे एक गृहस्थ लगेच म्हणाले, "नियम पहिल्या तिनांचा आहे. वाईट वाटतं, पण या नोंदी घेता येणार नाहीत."

पडद्याच्या कोपऱ्यात मोजणीबाई ताठ बसल्या होत्या.

थोरल्या बाईंनी चष्मा वर केला आणि तो शेवटचा रकाना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मग विचारले, "नियमाचं नंतर बघू. आधी प्रत्येकानं सांगा, तुम्ही किती वेळा धुतलंत?"

मग एक जण घसा खाकरून म्हणाली, "दोनदा. पुढे बरेच जण होते ना." आणखी एक म्हणाला, "एकदा." मग तिसरा, मग चौथी. ते नियमवाले गृहस्थ खाली पाहत म्हणाले, "तीनदा. म्हणजे अडीचदाच म्हणा." मोजणीबाई सोडून असे पाच निघाले. पाचही जणांनी दुसऱ्यासाठी राखले होते आणि एकानेही कागदावर लिहिले नव्हते.

"म्हणजे सगळे एकमेकांची काळजी करत बसलात," थोरल्या बाई म्हणाल्या, "आणि मला मात्र इतके महिने कळेना की तुमची यंत्रं बिघडलीत की काय. कारण सांगितलं ते एकीनंच." त्यांनी पेन उचलले. "मोजणीबाईंची एकोणीस वर्षं तक्त्यात घ्या. भाऊंचीही घ्या. बाकी पाच जणांनी नव्या टाकीवर पुन्हा मोजायचं. आणि या वेळी टाक्या दोन पाठवू, म्हणजे कुणाला उपाशी राहायला नको."

कोणी हरकत घेतली नाही. मोजणीबाईंच्या मागून मिस्त्रींचा आवाज आला, "अहो, आता ते कपाटाच्या दारावरचं पान काढू का?"

"राहू दे," मोजणीबाई म्हणाल्या. "पुढची टाकी कधी निघतेय, ते विचारा आधी."

त्याला आता चार महिने झाले. माझा काटा विसाला टेकला आहे. मला आता कोणी मोजणार नाही. येणारे-जाणारे माझ्यावर छत्री अडकवतात. मला त्याचे फार वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या पाच ठिकाणांचे, जिथे मला इतके जपले की मी निरुपयोगी झाले.

मित्रांनो, तुमच्या हाती दहा जणांनी मिळून वापरायची वस्तू येईल. ती पाण्याची विहीर असेल, ग्रंथालयातले पुस्तक असेल किंवा शाळेतला सूक्ष्मदर्शक. तेव्हा तिची नासाडी करू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढेच सांगते की तिच्याकडून आपले काम पुरते करून घ्या. हात आखडून अर्धे काम केलेत, तर ते पुढच्याच्याही उपयोगाचे नसते. आणि चुकलात तर चुकीचे आकडेही पाठवा, कारणासकट. ते लिहिताना हात थांबेल. थांबू द्या, आणि मग वाक्य पुरे करा.

काल दोन नव्या टाक्या दारातून बाहेर गेल्या. या फेरीची सुरुवात शेवटच्यांपासून, म्हणून एक आधी भाऊंकडे, एक मोजणीबाईंकडे, आणि तिथून पुढे त्या पाच जणांकडे. मोजणीबाईंकडे निघालेली अगदी कोरी होती, चकचकीत, घाबरलेली. हमालांनी तिला माझ्याजवळ क्षणभर टेकवले, तेव्हा तिने हळूच विचारले, "तिथे मला जपतील ना?"

मी म्हणाले, "तिथे तुला पाच वेळा धुण्यासाठी वापरतील. तू बिनघोर जा."